दोन पांढरे पाइप : बफेलोच्या हिमवर्षावातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२२ मध्ये, १७ ते २० तारखेदरम्यान, अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत दोन मीटरच्या वर बर्फ पडला. हॅम्बर्गची नोंद ८१.२ इंच, ऑर्चर्ड पार्कची ८० इंच. हे प्रकरण ऑर्चर्ड पार्कमधल्या एका मराठी घराचं आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्या कुटुंबाने हे लिहायला परवानगी दिली ती एकाच कारणासाठी. दरवर्षी आपल्यातली नवी कुटुंबं या भागात घरं घेतात, आणि हिवाळ्याची तयारी म्हणजे फावडं, मीठ आणि दूध एवढंच त्यांना सांगितलं जातं.

घरात पाच माणसं. नितीन आणि मेघना, दोघंही पस्तिशीतले. सहा वर्षांची मुलगी. आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले नितीनचे आई-बाबा. बाबा अडुसष्ट वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले शेतकरी. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. घर जुलैमध्ये घेतलेलं, म्हणजे त्या घरातला हा सगळ्यांचा पहिलाच हिवाळा. मी नितीनचा जुना परिचित. सध्या नायगाराच्या बाजूच्या उपनगरात राहतो, पण २०१४ च्या नोव्हेंबरातल्या अशाच वादळात मी त्याच दक्षिणेकडच्या पट्ट्यात होतो. या प्रकरणात माझा सहभाग फोनवरचाच.

तिथला बर्फ कसा पडतो हे समजल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. ईरी सरोवर जवळपास चारशे किलोमीटर लांब आहे आणि नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं आहे. बफेलो त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला. नोव्हेंबरात सरोवराचं पाणी अजून कोमट असतं. त्यावरून गोठवणारा वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने वाहिला की वाटेत बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर येऊन ते बर्फाच्या रूपात टाकतो. हा पट्टा अरुंद असतो, आणि वारा दिशा बदलत नाही तोवर तो एकाच गावावर बसून राहतो. त्या शुक्रवारी आमच्याकडे ऊन होतं. तीसेक किलोमीटरवर नितीनला समोरच्या घराचं दार दिसत नव्हतं. ईरी हे पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ, त्यामुळे कडक हिवाळ्यात ते लवकर गोठतं आणि मग हा प्रकार बराच कमी होतो. म्हणून धोका जास्त तो नोव्हेंबर-डिसेंबरात, नवं घर घेतलेल्या माणसाची घडी अजून बसायची असते तेव्हा.

बुधवार-गुरुवारची तयारी

हवामान खात्याचा इशारा स्पष्ट होता. चार फूट किंवा जास्त, मेघगर्जनेसह. गुरुवारी तर बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा रविवारचा सामना ऑर्चर्ड पार्कच्या मैदानावरून डेट्रॉइटला हलवल्याचं जाहीर झालं, बर्फ सुरू व्हायच्या आधीच. पण नितीनच्या डोळ्यांपुढे चार फुटांचं चित्रच नव्हतं. त्याने बर्फ पाहिला होता तो न्यू जर्सीतला, गुडघ्याएवढा.

बुधवारी रात्री त्याने मला फोन केला. मी यादी सांगितली: आठवडाभराचं सामान, बाबांच्या गोळ्या, टॉर्च, दोन फावडी, गाडीत पेट्रोल. ती यादी चुकीची नव्हती, अपुरी होती. घराच्या भिंतीतून बाहेर येणाऱ्या पाइपांबद्दल मी चकार शब्द काढला नाही, आणि २०१४ मध्ये मला त्याचीच धावपळ पडली होती. आठ वर्षांत विसरलो. याची बोच अजून आहे.

फावडी आणली, पण ठेवली कुठे? परसातल्या शेडमध्ये. शेडचं दार बाहेर उघडणारं.

अडचण

गुरुवारी रात्री विजा कडाडत होत्या आणि बर्फ पडत होता. शुक्रवारी पहाटे पाचच्या सुमारास मेघनाला थंडीने जाग आली. थर्मोस्टॅटवर वीस अंश लावलेले, घरात सोळा. घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस बंद. नितीनने पुढचं दार उघडायला घेतलं. आतलं दार आत उघडलं, पण बाहेरचं काचेचं दार बर्फाने दाबून धरलेलं, हाताच्या रुंदीएवढंही हलेना. गराजचं शटर वर घेतलं तर समोर छातीपर्यंत बर्फाची भिंत, तिच्यावर शटरच्या पट्ट्यांचे ठसे. वाहतूकबंदी लागू झालेली. फर्नेस दुरुस्त करणाऱ्या तिघांना त्याने फोन केले. एकानेही उचलला नाही, आणि उचलला असता तरी रस्ता नव्हता.

मग मला फोन आला. "दादा, फर्नेस बंद पडलीय, आणि आई म्हणतेय गॅसच्या चारही शेगड्या पेटवून ठेवूया."

समोर असलेले पर्याय

मी आधी विचारलं, "सीओचा अलार्म काय दाखवतोय?" न्यूयॉर्क राज्यात २०१० पासून घरांत कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी वायूचा अलार्म लावणं बंधनकारक आहे. त्यांच्याकडे झोपण्याच्या खोल्यांबाहेर एक होता, आकडा दाखवणारा. आकडा शून्य. म्हणजे विचार करायला वेळ होता. तो वाजत असता तर बाकी सगळं सोडून माणसं आधी मोकळ्या हवेत, मग तिथूनच ९११ या आपत्कालीन नंबरला फोन. बाहेर म्हणजे उघड्या शटरपाशी बर्फात उभं राहणं असलं तरीही.

शेगड्यांचा पर्याय काकूंनी, म्हणजे नितीनच्या आईने, सुचवला तो मनापासून. गावाकडे थंडीत चुलीपुढेच बसतात. पण गावातल्या घराला कौलांमधून, झरोक्यातून वारा लागतो. इथलं घर उष्णता टिकवण्यासाठी घट्ट बंद केलेलं असतं, त्यात चारही बाजूंनी बर्फ लिंपलेला. तासन्‌तास जळणारा गॅस अशा घरात जीवावर बेतू शकतो. हे काकूंना मेघनाने समजावलं, न रागावता. "आई, इथे धूर दिसत नाही, वास येत नाही, नुसती झोप लागते." काकूंनी लगेच ऐकलं.

दुसरा विचार नितीनचा, गराजमधली गाडी सुरू करून सगळ्यांनी तिच्या हीटरमध्ये बसायचं. शटर उघडं असतानाही हे करू नये. समोर भिंतीसारखा बर्फ असताना तर धूर आतच फिरतो.

तिसरा पर्याय विजेच्या दोन छोट्या हीटरचा. वीज चालू होती, त्यामुळे हा खरा पर्याय होता. पण असा हीटर साधारण १५०० वॅटचा असतो आणि १५ अँपिअरच्या एका सर्किटवर १८०० वॅटच्या वर भार चालत नाही. म्हणून दोन्ही एका खोलीत लावले की ब्रेकर पडतो. एक हीटर एका खोलीत, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शन न लावता. एवढं त्यांनी केलं आणि मुलगी व आजी-आजोबा त्या खोलीत बसले.

चौथा पर्याय फर्नेस का बंद पडली ते शोधायचा. नितीनला तो पटेना. तो म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही, उगाच बिघडवेन." हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण, आणि तो मेघनाने उचलला. घर घेताना झालेल्या तपासणीचा अहवाल तिने फोनवर काढला. त्यात एक फोटो होता: जेवणघराच्या खिडकीखाली, जमिनीपासून दीड फुटावर, भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे पाइप. एकातून फर्नेस हवा आत घेते, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर टाकते.

दीड फूट उंचीवर पाइप. बाहेर चार फूट बर्फ.

काय केलं

आधी बेसमेंटमध्ये जाऊन त्यांनी फर्नेसचं बारीक काचेचं भोक पाहिलं. आतला लाल दिवा तीनदा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा तीनदा. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात तीनचा अर्थ दाबाचा स्विच. म्हणजे पाइपातून हवा खेळत नाही हे ओळखून फर्नेसने स्वतःच आग थांबवली होती. यंत्र बिघडलेलं नव्हतं, त्याचा श्वास कोंडला होता. तक्ता कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून आपल्या झाकणावरचाच वाचायचा.

आता पाइपांपर्यंत पोचायचं कसं? नितीन म्हणाला, गराजमधून खणत घराला वळसा घालून जातो. साधारण पंधरा मीटर, छातीएवढ्या बर्फातून, आणि फावडी शेडमध्ये. मेघनाने जेवणघराची खिडकी उघडली. बर्फ खिडकीच्या चौकटीच्या जेमतेम वीतभर खाली होता आणि पाइप बरोबर त्याच्या खाली. आतूनच खाली खणायचं ठरलं. हत्यारं? मोठी परात, केरभरणी आणि मुलीचं समुद्रावर खेळायचं प्लास्टिकचं फावडं. नितीन खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर, मेघनाने मागून पट्ट्याला धरलेलं, काकू परातीतला बर्फ बादलीत घालून न्हाणीच्या टबात ओततायत. चाळीस मिनिटांनी पांढरा पाइप दिसला. तोंडाशी बर्फाचा गोळा, तो हातानेच काढला. कठीण वस्तूने ठोकलं तर थंडीत पीव्हीसी तडकतं. मग पाइपाच्या भोवती हातभर रुंद खड्डा केला, कारण तोंड मोकळं करून भोवतालचा बर्फ तसाच ठेवला तर बाहेर टाकलेला वायूच परत आत ओढला जातो.

फर्नेसचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केलं. पंखा, मग टिकटिक, मग ज्योत. नितीनने फोन कानाला लावून ठेवला होता. पलीकडून मला काकूंचा आवाज ऐकू आला, "आलं गं बाई, ऊन ऊन वारं आलं."

बर्फ मात्र थांबलेला नव्हता. तासाला कित्येक सेंटिमीटर पडत होता आणि खड्डा पुन्हा भरत होता. तो मोकळा करायचा, दिवसा दर दीड तासाने आणि रात्री पाळ्या लावून: दहा ते दोन नितीन, दोन ते सहा मेघना.

दुपारी दुसरा निर्णय आला. नितीनला ड्राइव्हवे, म्हणजे गराजपासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, साफ करायला घ्यायचा होता. बाहेर पडता येत नाही ही भावना माणसाला खाते, हे मी समजू शकतो. पण गाडी काढून जायचं कुठे? वाहतूकबंदी होती, आणि रस्ता साफ करणारं यंत्र आलं की ड्राइव्हवेच्या तोंडाशी पुन्हा बांध घालणारच. त्याऐवजी क्रम ठरला: गराजमधून एक माणूस जाईल एवढी वाट, ती वाट पाइपांपर्यंत, मग गॅसच्या मीटरपर्यंत. मीटरवरचा बर्फ झाडूने काढला, फावड्याने नाही. कपड्यांच्या ड्रायरचं भोकही त्याच भिंतीत होतं, ते मोकळं होईपर्यंत ड्रायर बंद. शेडपर्यंत ते पोचले शनिवारी दुपारी. म्हणजे आणलेली फावडी हाती आली ती जवळजवळ दोन दिवसांनी. तोवर शेजाऱ्याने वरच्या खिडकीतून फेकलेल्या एका फावड्यावर काम चाललं.

छपराचा प्रश्न

शनिवारी पट्टा उत्तरेकडे सरकला आणि आकाश उघडलं. त्यांना आता छपराची काळजी लागली. मुख्य छप्पर उताराचं होतं, पण पुढच्या पोर्चचं जवळजवळ सपाट, तीन मीटर बाय चार मीटर, आणि वरच्या छपरावरून घसरलेला बर्फही त्यावरच. अशा दोन पातळ्यांच्या घरात आधी लक्ष द्यायचं ते खालच्या छपराकडे.

बर्फाच्या उंचीवरून वजन कळत नाही. ताजा भुरभुरीत बर्फ घनमीटरला पन्नास-साठ किलोसुद्धा भरतो, बसलेला दोनशे-तीनशे, आणि पावसाने भिजलेला त्याहून कितीतरी जास्त. इथे बाबांनी जे केलं ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. धान्याची रास तोलायची सवय असलेला माणूस. त्यांनी विमानप्रवासात बॅग तोलायचा हातकाटा मागवला आणि काकूंचा सरळ बाजूंचा स्टीलचा डबा, २५ सेंटिमीटर व्यासाचा. पोर्चवर उघडणाऱ्या खिडकीतून नितीनने तो डबा एकाच जागी उभा दाबत, भरत, रिता करत छपरापर्यंत नेला. खोली ११० सेंटिमीटर, सगळ्या डब्यांचं मिळून वजन ८.१ किलो. डब्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढून भागिलं तर चौरस मीटरला साधारण १६५ किलो. बारा चौरस मीटरच्या पोर्चवर जवळजवळ दोन टन.

पोर्चचे खांब किती पेलतात हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या घडीला ते कळण्यासारखंही नव्हतं. मग लक्षणं पाहिली: पुढच्या आतल्या दाराची वरची कड चौकटीला घासायला लागली होती, आणि आदल्या दिवशी ती घासत नव्हती. एवढं पुरेसं होतं. पोर्चखालून जाणं बंद. वर चढायचं नाही, हेही ठरलं. बर्फाने झाकलेल्या छपराची कड कळत नाही, आणि आधीच वाकलेल्या छपरावर माणसाचं वजन टाकणं म्हणजे आगीत तेल. शेजाऱ्याचा लांब दांड्याचा छपरावरचा रेक आणून बाजूला उभं राहून थर थर ओढून काढला. एकदम तळापर्यंत नाही, आणि एकाच बाजूचाही नाही, नाहीतर भार एकीकडे कलतो.

बाबा आणि फावडं

हा भाग लिहिणं मला सर्वांत अवघड गेलं.

शनिवारी ऊन पडल्यावर बाबा कानटोपी घालून गराजमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "आण इकडं ते फावडं. आयुष्य गेलं माझं माती उपसण्यात." आदल्याच दिवशी काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, जाहीर केलं होतं की बर्फ उपसताना हृदयावर ताण येऊन दोन मृत्यू झालेत. नितीन घाबरला आणि ओरडला. बाबा काही न बोलता आत गेले, जेवले नाहीत.

नितीनचं म्हणणं बरोबर होतं. ओल्या बर्फाचं एक फावडं पाच किलोचं धरलं आणि मिनिटाला दहा फावडी, तर पंधरा मिनिटांत पाऊण टन उचलला जातो, तोही हातांनी, श्वास रोखून, अशा थंडीत जिथे रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात. शेतात कुदळ चालवणाऱ्याची सवय तिथे कामी येत नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय फावड्याला हात लावू नये. पण हे आरडाओरडा करून सांगायचं नसतं.

संध्याकाळी मेघनाने त्यांच्यापुढे वही ठेवली. "बाबा, रात्री आम्हाला झोपेत आकडे लक्षात राहत नाहीत. तुम्ही लिहाल का?" त्या वहीची पानं मी पाहिली आहेत. दर तासाला चार नोंदी: घरातलं तापमान, सीओचा आकडा, पाइप कधी मोकळा केला, खिडकीतल्या काठीवर बर्फ कुठवर. फर्नेस किती वेळाने चालू-बंद होते तेही त्यांनी आपणहून टिपायला घेतलं. रात्री तीनला "भट्टी उशिरा लागली" अशी नोंद आहे. त्यावर त्यांनी मेघनाला उठवलं, आणि पाइपाशी खरोखरच बर्फ चढला होता.

निष्पत्ती

गल्ली सोमवारी लोडर येऊन मोकळी झाली. ड्राइव्हवेच्या तोंडाशी त्याने घातलेला बांध माणसाच्या उंचीचा होता. शेजाऱ्याचा मोठा स्नो ब्लोअर, नितीन आणि मेघना यांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या, असं करत मंगळवारी गाडी निघाली. पोर्चची एक तुळई तडकली होती, ती वसंतात बदलली. एक पन्हाळ तुटली. माणसांना काही झालं नाही.

महिन्याभराने, २३ डिसेंबरला, बफेलोवर दुसरं वादळ आलं, त्यात चाळीसहून अधिक माणसं गेली. त्या वेळी मुख्य मार वाऱ्याचा आणि वीज जाण्याचा होता. या घराने तोपर्यंत तंत्रज्ञाकडून दोन्ही पाइप बाहेरून कोपरे लावून वर उचलून घेतले होते, फर्नेसच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेत. भिंतीशी लाल फडक्याची उंच काठी, फावडी गराजच्या आत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी माझी बुधवारची यादी. तिच्यात पहिली ओळ हवी होती: उजेड आहे तोवर घराभोवती एक फेरी मार आणि भिंतीतून जे जे बाहेर येतं त्याचा फोटो काढ, जमिनीपासूनची उंची माप. पंधरा मिनिटांचं काम. नितीनने ते केलं असतं तर गुरुवारी रात्री, बर्फ दोन फूट असतानाच, पाइप मोकळे करायला सुरुवात झाली असती.

ड्राइव्हवे साफ करण्याचा हंगामी करार त्याने ऑक्टोबरात पैसे वाचवायला टाळला होता. केला असता तरी या वादळात उपयोग झाला नसता, पिकअपच्या पुढच्या पात्याने दीड मीटर बर्फ हटत नाही. त्यामुळे तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पोर्चचा बर्फ मात्र शुक्रवारी संध्याकाळीच, अर्धाच साठला असताना, ओढायला हवा होता. आणि बाबांच्या हाती वही शनिवारी नाही, शुक्रवारी सकाळीच द्यायला हवी होती.

विजेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. फर्नेस गॅसवर चालली तरी तिचा पंखा विजेवर चालतो. नितीनला जनरेटर घ्यायचा आहे. तो घराच्या दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर दूर, उघड्यावर ठेवावा लागतो. दोन मीटर बर्फात ती सहा मीटरची वाट कोण मोकळी करणार, आणि जनरेटर स्वतः बर्फाखाली जाणार नाही हे कसं पाहायचं, यावर मेघना आणि तो अजून एकमत झालेले नाहीत. मागच्या आठवड्यात बाबांनी गावाहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, परसात त्या जागी आधी चार विटांचा ओटा घालून का घेत नाही. नितीन आता ओट्याची उंची मोजतोय.